दीडशे व्होल्टचं एक चाक : रेंज मोजायची कशी आणि आकड्यांवर विसंबायचं किती

विद्युत युनिसायकलला हँडल नसतं, ब्रेकची मूठ नसते, अ‍ॅक्सिलरेटरही नसतो. मध्ये एक जाड टायर, त्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायला दोन फळ्या आणि वर बॅटरी व मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर बसवलेली पेटी, एवढाच सगळा पसारा. स्वार पुढे झुकला की चाक पुढे धावतं, मागे रेलला की थांबतं. अमेरिकेतल्या शेन चेन यांनी २०११ मध्ये ‘सोलोव्हील’ नावाने हे वाहन बाजारात आणलं तेव्हा ते रमतगमत फिरण्याचं साधन होतं. आता लीपरकिम, बिगोड, किंगसाँग, इनमोशन या चिनी कंपन्यांची मोठी चाकं चाळीस किलोच्या घरात जातात आणि मोटारींच्या वेगाने पळतात. पॅरिस, न्यूयॉर्कसारख्या शहरांत रोज त्यावरून कामाला जाणारी माणसं आहेत. त्यांच्या गप्पांत दोन प्रश्न सतत येतात : एका चार्जमध्ये किती जातं, आणि किती पळतं?

हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, इथेच घोटाळा सुरू होतो. स्कूटरची बॅटरी संपत आली की स्कूटर मंदावते, तुम्ही कडेला घेता, कुणाला तरी फोन लावता. युनिसायकलवर ज्या बॅटरीतून अंतर कापायचं, तिच्यातूनच तोलही सांभाळायचा असतो. बॅटरीतला जोर कमी पडला तर चाक मंदावण्याआधी तुम्ही तोंडावर पडता. त्यामुळे अंतराची चाचणी करताना ताकदीचीही करावीच लागते.

तोल सांभाळला जातो कसा, ते आधी पाहू. पेटीतले जायरोस्कोप आणि त्वरणमापक दर सेकंदाला शेकडो वेळा पेटीचा कल मोजतात. तुम्ही पुढे झुकलात की चाक तुमच्या वजनाखाली येण्यासाठी पुढे सरकतं. तुम्ही झुकलेलेच राहिलात तर ते सरकतच राहतं, म्हणजेच वेग घेतं. हे करायला मोटरमध्ये दर क्षणी थोडा तरी जोर शिल्लक असावा लागतो. खड्डा आला, वाऱ्याचा झोत आला, चढ लागला की त्या क्षणापुरता जास्त जोर लागतो. तो मिळाला नाही तर चाक मागे राहतं आणि माणूस पुढे जातो. स्वारांच्या भाषेत याला कटआउट म्हणतात. कंट्रोलरचा बोर्ड जळून चाक बंद पडलं तरी कटआउटच म्हणतात आणि जोर अपुरा पडला तरी तेच. कारणं दोन असली तरी पडणं सारखंच.

आता व्होल्टेज. या वाहनातल्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ आणि चालताना सरासरी ३.६ च्या आसपास असतं. सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेजची बेरीज होते. १६ सेलच्या माळेचे ६७.२ व्होल्ट, २० चे ८४, २४ चे १००.८, ३० चे १२६, ३६ चे १५१.२. माळ लांबत गेली तसं या वाहनाचं रूप पालटत गेलं. २०२० मध्ये लीपरकिमच्या ‘व्हेटरन शेरमन’ने १००.८ व्होल्ट आणि ३२०० वॉट-तासांची (वॉट-तास म्हणजे साठवलेल्या विजेचं माप) बॅटरी दिली, तेव्हा ती थक्क करणारी गोष्ट होती. मग १२६, १३४ आले, त्याच कंपनीचं ‘लिंक्स’ १५१.२ व्होल्टवर आलं, आणि आता १६८ व्होल्टची चाकंही विकली जातात. तुलना करायची तर आपल्याकडच्या बहुतेक विद्युत स्कूटर ५० व्होल्टच्या आसपास चालतात.

एवढं व्होल्टेज कशासाठी? याचं एक कारण सगळ्यांना ठाऊक असतं : तेवढीच शक्ती कमी करंटमध्ये मिळते आणि वायरी कमी तापतात. पण युनिसायकलसाठी खरं कारण वेगळं आहे. फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्राचंही काम करत असते. चाक जितकं जोरात फिरेल तितकं उलटं व्होल्टेज ती स्वतःच तयार करते. बॅटरीचं व्होल्टेज या उलट्या व्होल्टेजच्या जितकं वर असेल, तितकाच करंट मोटरमध्ये ढकलता येतो. वेग वाढत गेला की हा फरक आकसत जातो आणि एका वेगाला शून्य होतो. त्या वेगाला मोटरकडे द्यायला काहीच उरत नाही. चाक जमिनीवरून उचलून मोकळं फिरवलं की ते जवळपास याच वेगाला जाऊन थांबतं. याला मोकळ्या फिरण्याचा वेग म्हणू. व्होल्टेज वाढवलं की ही मर्यादा वर सरकते आणि रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगाला खाली भरपूर जोर शिल्लक राहतो. म्हणजे जास्त व्होल्टेजचा पहिला फायदा सुरक्षिततेचा आहे. लोक मात्र तो फायदा आणखी जोरात पळवण्यात खर्च करतात, तो भाग निराळा.

अडचण अशी की बॅटरीचं व्होल्टेज एका जागी राहत नाही. ते दोन प्रकारे उतरतं. एक, चार्ज कमी होत जातो तसं सावकाश : १५१ वरून सुरू होऊन तळाशी ११५-११८ पर्यंत. दोन, जोर मागितला की त्या क्षणी. शेतात एकाच डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, तसंच इथेही होतं, आणि कारणही तेच : वाटेतला रोध. प्रत्येक सेलच्या आत थोडा रोध असतो. ३६ च्या चार माळा समांतर जोडलेली बॅटरी घ्या. एका सेलचा रोध साधारण २५ मिलिओहम धरला, तर पूर्ण बॅटरीचा वायरींसकट पाव ओहमच्या आसपास जातो. साठ अँपिअर ओढले की पंधरा व्होल्ट तिथल्या तिथे गायब.

समजा एखादं चाक पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मोकळं फिरताना ताशी १४० किलोमीटरला पोचतं. जाहिरातीत हाच आकडा मिरवला जातो. साठ अँपिअरचा भार पडला की व्होल्टेज १३६ वर येतं आणि मर्यादा १२६ किलोमीटरवर. आता बॅटरी तळाला आली आहे, आरामात असताना ११८ व्होल्ट दिसतात. तोच भार दिला की १०३, आणि मर्यादा राहिली ९५. शिवाय तळाला आलेल्या सेलचा रोध वाढलेला असतो, म्हणजे खरी मर्यादा त्याहून खाली. आणि मर्यादेवर जोर शून्य असतो, हे विसरायचं नाही. सकाळी ताशी ७० ला निवांत चालणारं चाक संध्याकाळी त्याच वेगाला कड्याच्या टोकावर असतं. स्वाराला पायाखाली काही वेगळं जाणवेलच असं नाही.

हे दिसावं म्हणून एक आकडा आहे : पीडब्ल्यूएम. कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज मोटरला सलग देत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तुकड्यांत देतो. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ ‘चालू’ असतं तो हा आकडा. ४० टक्के म्हणजे हातात भरपूर शिल्लक आहे, ८० म्हणजे आवरतं घ्या, १०० म्हणजे द्यायला काही नाही. ईयूसी वर्ल्ड, डार्कनेसबॉट, व्हीललॉग ही ॲप ब्लूटूथवरून हा आकडा, व्होल्टेज, करंट आणि तापमान नोंदवून ठेवतात. चाचणीला बसताना वेगापेक्षा या आकड्याकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग, चढ, वजन, चार्ज, थंडी या सगळ्यांचा हिशेब त्या एकाच आकड्यात येतो. बऱ्याच चाकांत पीडब्ल्यूएम ठरावीक टक्क्यांवर गेला की भोंगा वाजतो, मग फळ्या मागे कलून स्वाराला जबरदस्तीने मागे रेलायला लावतात. तो टिल्टबॅक. भोंग्याच्या पुढे अजून थोडं जाता येतं म्हणून बघणारे असतात. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ८५ टक्क्यांवर चालणं म्हणजे उरलेले १५ टक्के पुढच्या खड्ड्याच्या नावावर लिहून देणं आहे.

आता अंतराकडे. कंपनीचा रेंजचा आकडा खोटा असतो असं नाही. साधारण ७०-७५ किलोचा स्वार, २५ अंश तापमान, सपाट रस्ता आणि ताशी २०-२५ किलोमीटरचा संथ वेग धरून तो काढलेला असतो. एवढं मोठं चाक घेऊन या वेगाने दिवसभर कुणी जात नाही, एवढंच.

वेगाने काय फरक पडतो ते कागदावर मांडता येतं. स्वार कपडे-हेल्मेटसकट ८० किलो, चाक ४० किलो, मिळून १२० धरू. टायरचा घर्षणरोध वेगाने फारसा बदलत नाही. या वजनाला तो १८ न्यूटनच्या आसपास. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि युनिसायकलवर माणूस ताठ उभा असतो. वाकून बसलेल्या सायकलस्वाराच्या मानाने तो हवेला मोठा आडवा येतो. मोटर आणि कंट्रोलरमध्ये जाणारी वीज धरून हिशेब केला तर ताशी २० ला किलोमीटरमागे सुमारे १० वॉट-तास लागतात, ४० ला १९ आणि ६० ला ३६. लिंक्ससारख्या २७०० वॉट-तासांच्या बॅटरीतला पाचवा हिस्सा राखून ठेवला तर वापरायला २१६० उरतात. म्हणजे तेच चाक, तोच माणूस : २० च्या वेगाने २१६ किलोमीटर, ४० ने ११० च्या थोडं वर, ६० ने ६०. मी धरलेले रोधाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, तुमचं अंग जाड-बारीक असेल, पण रेंजचा उतार असाच राहील.

यात सरासरीचा फसवा खेळही आहे. ‘माझी सरासरी ३० ची होती’ असं सांगून लोक रेंज मांडतात. अर्धं अंतर २० ने आणि अर्धं ६० ने कापलं तर सरासरी वेग ३० च येतो. वीज लागते किलोमीटरमागे २३ वॉट-तास. सलग ३० ने गेलेल्याला १४ च्या आसपास लागते. सरासरी दोघांची एकच, खर्चात दीडपटीहून जास्त फरक. म्हणून चाचणी करायची तर वेग ठरवून, तो धरून चालावं. सिग्नलवर थांबत, मध्येच ताणत केलेली फेरी मजेची असते, मोजमापाची नव्हे.

वाऱ्याचंही तसंच. जाताना समोरून आला, येताना मागून, म्हणजे फिटंफाट झाली, असं वाटतं. ताशी ४० ने चालताना २० चा वारा असेल तर जाताना हवेच्या दृष्टीने वेग ६०, येताना २०. वर्गांची सरासरी काढली तर हवेचा रोध बिनवाऱ्याच्या फेरीपेक्षा २५ टक्के जास्त पडतो. चढाचा हिशेब सोपा : १२० किलो शंभर मीटर वर न्यायला ३३ वॉट-तास लागतात, मोटरची गळती धरून चाळीसेक. उतरताना त्यातला काही भाग परत बॅटरीत येतो, पूर्ण कधीच नाही. तेव्हा वारा पडलेला असताना, सपाट वर्तुळाकार रस्त्यावर, सुरुवातीच्याच ठिकाणी परत येणारी फेरी हवी. पहाटेची वेळ याला बरी.

चाचणीच्या आदल्या रात्रीपासून काम सुरू होतं. चार्जर हिरवा झाला म्हणून लगेच काढायचा नाही. शेवटच्या टप्प्यात करंट कमी होत जातो आणि माळेतले मागे राहिलेले सेल इतरांच्या बरोबरीला येतात; त्याला तासभर जास्त लागला तरी लागू द्यावा. सकाळी टायरमधली हवा मोजायची आणि लिहून ठेवायची, कारण हवा कमी असेल तर घर्षणरोध वाढतो आणि पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. स्वत:चं वजन बूट, गुडघ्या-कोपरांची कवचं आणि पाठीवरची पिशवी घेऊन करायचं.

अंतर चाकाच्या मीटरवर मोजू नये. तो टायरचा घेर ठरावीक धरून फेऱ्या मोजतो. टायर झिजला, बदलला, हवा कमी असली की घेर बदलतो. मीटर पाच टक्के जास्त दाखवत असेल तर तुमचे शंभर किलोमीटर खरे पंचाण्णवच आहेत. जीपीएसवर मोजा आणि महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा ताडून घ्या.

विजेचा हिशेब दोन ठिकाणी धरावा. ॲप व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार करत वॉट-तास जमवतं. पण काही बोर्ड बॅटरीतून निघणारा करंट सांगत नाहीत, मोटरच्या तारांतला सांगतात. या दोन्हींत केवढी तफावत पडते ते चढावर जागच्या जागी निघताना दिसतं. चाक जवळपास थांबलेलं असतं, उलटं व्होल्टेज नसतं, त्यामुळे कंट्रोलर व्होल्टेज खाली उतरवून मोटरला शंभराहून जास्त अँपिअर देतो आणि त्याच वेळी बॅटरीतून जेमतेम पंधरा-वीस निघत असतात. मोटरचा हा आकडा बॅटरीचा समजून हिशेब केलात तर खर्च कैक पटीने फुगेल. म्हणून घरी येऊन भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून किती वीज परत भरावी लागली ते बघायचं. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. चार्जरमध्ये दहाएक टक्के उष्णतेत जातात, म्हणजे पूर्ण रिकाम्या २७०० च्या बॅटरीला तीन युनिटं लागतील. सॉकेटवर अडीच युनिटंच मोजली गेली, तर बॅटरीत सव्वादोन हजारच गेले. हा आकडा ॲपशी जुळला की दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि थांबायचं कुठे? ‘शून्य टक्के होईपर्यंत’ हे उत्तर युनिसायकलला लागू पडत नाही. टक्केवारी बहुधा व्होल्टेजवरून काढलेली असते, म्हणून चढावर ती धपकन उतरते आणि चहाच्या टपरीवर थांबलात की परत चढते. सेलचं व्होल्टेज मध्ये बराच काळ रेंगाळतं आणि शेवटी घसरतं, त्यामुळे ५० वरून ४० वर यायला लागलेलं अंतर आणि २० वरून १० वर यायला लागलेलं अंतर सारखं नसतं. तेव्हा थांबायची खूण आधी ठरवावी : ठरवलेला वेग धरून चालताना पीडब्ल्यूएम ७५ टक्क्यांवर गेला की त्या वेगाची रेंज संपली. त्यापुढे हळू चालत घरी जाता येतं, ते अंतर वेगळं लिहावं. ‘ताशी ५० ने ७० किलोमीटर, पुढे २५ ने आणखी २०’ असं लिहिलेलं वाक्य एका मोठ्या आकड्यापेक्षा खूप जास्त सांगून जातं.

मंडळी व्होल्टेजची बेरीज बघतात आणि माळेतल्या एकेका कडीकडे बघत नाहीत, हा दोष सर्रास आढळतो. माळेतली एक कडी म्हणजे समांतर जोडलेल्या सेलचा एक गट. समजा ३६ गटांपैकी ३५ गट ३.३० व्होल्टवर आहेत आणि एक आजारी गट २.६ वर. एकूण येतात ११८.१. सगळे निरोगी असते तर ११८.८ आले असते. म्हणजे पडद्यावर अर्ध्या टक्क्याचा फरक, आणि आत एक गट मरणपंथाला. चालताना तोच सगळ्यात आधी रिकामा होतो, तापतो, आणि पुढच्या जोराच्या मागणीला माळेचं व्होल्टेज खेचून खाली आणतो. नव्या चाकांत प्रत्येक गटाचं व्होल्टेज सांगणारी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, असते. चाचणीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तो तक्ता पाहावा. भरलेली असताना गटांमधला फरक वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असावा. तळाशी फरक वाढतोच, पण एकच गट दर वेळी मागे पडत असेल तर रेंजचा विचार सोडून दुरुस्तीचा करावा. इथे स्कूटरशी असलेला एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा : स्कूटरची बीएमएस सेल वाचवण्यासाठी पुरवठा तोडते. बऱ्याच युनिसायकलींत चालताना पुरवठा तोडण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नसते, कारण तोडला की माणूस पडणार. सेल वाचवायचे की स्वार, यात निवड आधीच झालेली आहे, आणि बॅटरीवर लक्ष ठेवायचं काम त्यामुळे तुमच्याकडे येतं.

पूर्ण भरलेल्या बॅटरीचाही एक धोका आहे, तो नवख्यांना उलटा वाटतो. मागे रेललात की मोटर वीज तयार करून बॅटरीत ढकलते. भरलेल्या बॅटरीत जागा नसते, व्होल्टेज मर्यादेच्या वर जातं, आणि चाक भोंगा वाजवत टिल्टबॅक देतं. घर टेकडीवर असेल तर रेंजच्या चाचणीसाठी १०० टक्के भरून थेट उतारावर निघू नये. थोडं सपाटीवर फिरून चार-पाच टक्के खर्च करावेत आणि मग उतरावं.

ताकदीच्या चाचण्यांत सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक्याची म्हणजे उचलून फिरवण्याची. पेटीवरच्या उचलायच्या दांड्याला घट्ट धरून चाक जमिनीपासून वर घ्यायचं आणि पेटी किंचित पुढे कलवायची. चाकाला वाटतं स्वार झुकलाय, ते पळत सुटतं. गुणगुण वाढत शिट्टीसारखी होते, आणि चाकाने हात टेकल्यावर आवाज तुटतो. तो वेग लिहायचा. मोकळ्या मैदानात, बुटाची नाडी आणि पँट दूर ठेवून, आजूबाजूला मुलं नसताना. ९५, ६० आणि ३० टक्के चार्जला तीनदा करा. वेग व्होल्टेजच्या प्रमाणात उतरताना दिसेल. ही चाचणी भाराचं व्होल्टेज पडणं दाखवत नाही, ते रस्त्यावरच कळतं : पूर्ण चार्जला आणि ३० टक्क्यांना, त्याच सरळ रस्त्यावर, त्याच वेगापर्यंत सारख्याच ताणाने वेग घ्यायचा आणि नोंदीतले व्होल्टेजचे खळगे शेजारी ठेवायचे. खळगा किती खोल आहे त्याला त्या क्षणाच्या करंटने भागलं की बॅटरीचा रोध हातात येतो. पंधरा व्होल्ट भागिले साठ अँपिअर, पाव ओहम. प्रयोगशाळेची गरज नाही.

० ते ५० किती सेकंदांत, याचे आकडे मी फारसे मानत नाही. फोनचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद करतो. तीन-चार सेकंदांची गोष्ट त्याने मोजायची म्हणजे मीटरपट्टीने केस मोजण्यासारखी अचूकता मागणं. शिवाय या वाहनात वेग स्वाराच्या झुकण्यावर येतो, त्यामुळे मोजली जाते ती चाकापेक्षा माणसाची हिंमत. थांबण्याचं अंतरही तसंच. चढाची चाचणी मात्र उपयोगी आहे, आणि ती सावकाश करायची. तीव्र चढावर हळू चालताना मोटरच्या तारांत करंट प्रचंड असतो, थंड हवा मिळत नसते, आणि बोर्डावरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) भराभर तापतात. तापमान किती अंशांवर स्थिरावतं आणि किती वेळात, हे बघावं. स्थिरावतच नसेल तर तो चढ त्या चाकाचा नव्हे.

थंडीत सगळे आकडे खाली येतात. शून्याच्या जवळपास सेलचा रोध दुप्पट होणं नवलाचं नाही, म्हणून कॅनडा किंवा नॉर्वेतल्या स्वाराची हिवाळ्यातली रेंज आणि उन्हाळ्यातली रेंज एकाच चाकाची वाटत नाही. आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या टोकाचा. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच असतं. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात फेरी मारून आल्या आल्या चार्जर लावला तर आत तापमान त्याच्या वर असणार. तासभर सावलीत ठेवून मग लावावा.

मोजमाप करताना दीडशे व्होल्ट हा खेळ नव्हे, हेही सांगायला हवं. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ६० व्होल्ट डीसीच्या वर ‘उच्च व्होल्टेज’ सुरू होतं. चार्जिंगच्या भोकातल्या पिना एकमेकींपासून काही मिलिमीटरवर असतात. तिथे मल्टिमीटरच्या दोन सुया खुपसल्या आणि एक घसरली की ठिणगी उडून सुईचं टोक वितळतं, बॅटरीची वायर जळू शकते. व्होल्टेज बघायचं असेल तर चार्जर आणि चाकाच्या मध्ये बसणारा मीटर वापरा, पेटी उघडू नका. २०१५-१६ मध्ये हॉव्हरबोर्डना (उभं राहून चालवायच्या दोन चाकांच्या फळ्यांना) आगी लागल्या, जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत पाच लाखांहून जास्त हॉव्हरबोर्ड परत मागवले गेले, आणि त्या आगींमुळेच यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचं यूएल २२७२ हे मानक पुढे आलं. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून अशा वाहनांच्या विक्रीला यूएल मानकांची अट घातली. युनिसायकलची बॅटरी हॉव्हरबोर्डच्या कितीतरी पट मोठी असते. रात्री झोपताना घरात चार्जिंगला लावून ठेवायची ही वस्तू नव्हे.

आपल्याकडच्या वाचकाला रेंजचा प्रश्न स्कूटरमुळे ओळखीचा आहे. माहितीपत्रकावरची आयडीसी (इंडियन ड्रायव्हिंग सायकल) रेंज वेग कमी-जास्त करण्याच्या ठरावीक चक्रावर मोजली जाते. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था ते काम करतात, आणि त्या चक्रात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही. म्हणून काही कंपन्या आता रस्त्यावरची रेंज वेगळी छापतात. युनिसायकलला असं कुठलंच सर्वमान्य चक्र नाही. प्रत्येक कंपनी आपापलं सांगते. भारतात तर २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाक्यांनाच नोंदणीतून सूट आहे, त्या चौकटीत हे चाक बसत नाही. चाचणी करायची तर खासगी आवारात किंवा बंद मैदानावर. जर्मनीतही हँडल नसल्यामुळे ते रस्त्यावर चालत नाही. फ्रान्समध्ये चालतं, पण ताशी २५ च्या मर्यादेत.

एकदा पद्धत बसवली की तीच दरवर्षी वापरावी : तीच फेरी, तोच वेग, तेवढीच हवा, जवळपास तेच तापमान. बॅटरी म्हातारी होताना दोन गोष्टी बदलतात. भिंतीच्या मीटरवरची युनिटं कमी होतात, म्हणजे साठा घटला. भागाकारातून येणारा रोध वाढतो, म्हणजे जोर घटला. साठा घटला तर जवळच फिरा, एवढंच. रोध वाढला असेल, आणि साठा अजून नव्वद टक्के दिसत असेल, तरी टिल्टबॅकचा वेग ॲपमध्ये दहा-पंधरा किलोमीटरने खाली आणायला हवा. जुनं चाक विकत घेताना विक्रेता किलोमीटरचा आकडा दाखवतो. त्याऐवजी तीस टक्के चार्जवर चालवून दाखवायला सांगा, आणि चालतानाचं व्होल्टेज बघा.